स्टेम सेल उपचार आणि पुनर्वसन : मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या मुलासाठी दोन्हींचा मेळ कसा घालावा

इंदूरमध्ये माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी येणारी मराठी कुटुंबे लोकमान्यनगरातली असोत की सुदामानगरातली, हल्ली मुलाच्या फायलीत जनुकीय तपासणीच्या अहवालामागे आणखी एक कागद लावलेला असतो. बाहेरगावच्या एखाद्या केंद्राने दिलेला तो स्टेम सेल (मूलपेशी) उपचाराच्या खर्चाचा अंदाज असतो आणि त्यात पेशींच्या इंजेक्शनाला काही आठवड्यांचे ‘सघन पुनर्वसन’ जोडलेले असते. हे करावे का आणि केलेच तर घरचा रोजचा व्यायाम त्याच्याशी कसा जुळवावा, असे पालक विचारतात. माझे मत आधीच सांगून टाकते. पुनर्वसन आधी सुरू व्हावे आणि कायम चालू राहावे. पेशी घ्यायच्याच असतील तर त्या केवळ नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीत घ्याव्यात. आणि मोजमापे अशी ठेवावीत की कोणता गुण कशाने आला हे नंतर ओळखता येईल. पुढचे विवेचन मुख्यतः डुशेन प्रकाराला धरून आहे, कारण मुलांमध्ये तोच सर्वांत जास्त आढळतो आणि स्टेम सेलची बहुतेक अंदाजपत्रकेही त्याच्याच पालकांच्या हाती पडतात.

आजाराचा प्रकार आधी नक्की करा

मस्क्युलर डिस्ट्रॉफी या नावाखाली स्नायू हळूहळू कमजोर करणारे डुशेन, बेकर, लिंब-गर्डल, एफएसएचडी, मायोटोनिक असे अनेक जनुकीय आजार येतात. प्रत्येकातले बिघडलेले जनुक वेगळे असते, त्यामुळे व्यायामाची मर्यादा, हृदयाला असलेला धोका आणि एखाद्या चाचणीत प्रवेश मिळण्याची शक्यता हे सगळेच प्रकारागणिक बदलते. डुशेनमध्ये एक्स गुणसूत्रावरचे डिस्ट्रॉफिनचे जनुक बिघडते. त्याचे ७९ एक्सॉन (प्रथिनाची कृती सांगणारे तुकडे) आहेत आणि साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. रक्तातले सीपीके (इजा झालेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारे एन्झाइम) हजारोंच्या घरात असणे हा केवळ इशारा असतो. निदान पक्के होते ते जनुकातले गहाळ किंवा जादा तुकडे शोधणाऱ्या एमएलपीए या तपासणीने, आणि तिच्यात दोष सापडला नाही तर संपूर्ण जनुकाच्या सिक्वेन्सिंगने. यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी आणि एसजीओटी वाढलेले दिसले म्हणून यकृताचे औषध कित्येक महिने घेत राहिलेली मुले अजूनही येतात. ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूंमधूनही रक्तात उतरतात, हे लक्षात घेऊन सीपीके त्याच वेळी तपासले असते तर तो काळ वाचला असता. जनुकीय अहवाल हातात नसताना स्टेम सेलची तारीख देणाऱ्या केंद्राशी बोलणे तिथेच थांबवावे.

पेशींबद्दल आजवर काय कळले आहे

डिस्ट्रॉफिन हे प्रथिन स्नायूपेशीच्या आवरणाला आतून आधार देते. ते नसले की प्रत्येक हालचालीत आवरणाला इजा होत राहते, स्नायूतल्या सॅटेलाइट पेशी ती दुरुस्त करत राहतात, आणि दुरुस्तीची ही क्षमता कमी पडू लागली की स्नायूच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती साचतात. मग बाहेरून निरोगी पेशी का देऊ नयेत, हा विचार ओघानेच आला आणि १९९०च्या दशकात तो माणसांवर तपासलाही गेला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत डुशेनच्या मुलांच्या एका दंडात दात्याच्या स्नायूपेशी आणि दुसऱ्या दंडात नुसते द्रावण अनेक महिने टोचले गेले. ताकदीत फरक पडला नाही. टोचलेल्या पेशींतल्या बहुसंख्य लवकरच मरतात, उरलेल्या सुईच्या वाटेपासून फार दूर जात नाहीत, आणि शरीराच्या वजनाचा मोठा हिस्सा असलेल्या स्नायूंपर्यंत, विशेषतः श्वासपटल आणि हृदयापर्यंत, सुईने पोचणे शक्य नसते. इटलीत रक्तवाहिनीतून मेसोअँजिओब्लास्ट (रक्तवाहिन्यांलगत आढळणाऱ्या मूलपेशी) देऊन पाहिल्या गेल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाच मुलांवरच्या अभ्यासात उपचार बऱ्यापैकी सुरक्षित ठरला, पण हालचालीत ठोस लाभ दिसला नाही.

आपल्याकडच्या अंदाजपत्रकांत बहुधा मुलाच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या अस्थिमज्जेच्या पेशी असतात. त्या पेशींच्या जनुकांतही तोच दोष असतो, त्यामुळे त्यांतून निरोगी डिस्ट्रॉफिन तयार होण्याची अपेक्षा धरता येत नाही. यावर असे सांगितले जाते की पेशी नवा स्नायू तयार करत नाहीत, त्या सूज कमी करणारे आणि दुरुस्तीला चालना देणारे पदार्थ स्रवतात. ही कल्पना अगदीच निराधार नाही. दात्याच्या हृदयातून मिळवलेल्या, डेरामिओसेल नावाच्या पेशी याच तत्त्वावर शिरेतून दर तीन महिन्यांनी दिल्या जातात आणि २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या होप-२ या २० रुग्णांच्या चाचणीत त्या घेणाऱ्यांच्या हातांच्या कामाची घसरण मंदावल्याचे दिसले. ‘घसरण मंदावली’ या शब्दांकडे पालकांनी नीट पाहावे. त्या चाचणीत कोणी पुन्हा चालू लागल्याचा दावा नव्हता, काही रुग्णांना ॲलर्जीची प्रतिक्रियाही आली, आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सादर झालेल्या पुराव्यावर मंजुरी द्यायला नकार देऊन आणखी माहिती मागवली. इतका तपास झालेल्या उत्पादनाला ही चाळण लागते, तर ज्याचे निष्कर्ष कुठेच प्रसिद्ध झालेले नाहीत अशा इंजेक्शनाच्या पत्रकावर विश्वास ठेवण्याआधी किती विचार करावा, हे पालकांनीच ठरवावे.

भारतातला नियम सरळ आहे. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे रक्तपेशींच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता बाकी सर्व आजारांत स्टेम सेलचा वापर संशोधनात मोडतो. तो मंजूर चाचणीतच व्हायला हवा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. मस्क्युलर डिस्ट्रॉफी त्या अपवादात बसत नाही.

पेशींच्या आधी तीन महिने व्यायाम आणि नोंदी

पेशी आणि पुनर्वसन एकाच दिवशी सुरू केले तर कशाने काय झाले हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि पॅकेजमध्ये नेमके तेच होते. ज्या मुलाला घरी आठवड्यातून एकदाही नीट ताण दिला जात नव्हता, त्याच्याकडून केंद्रात रोज कित्येक तास व्यायाम करून घेतला, रात्री घोटा योग्य स्थितीत धरून ठेवणारे स्प्लिंट दिले, डुशेनमध्ये नेहमी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडची मात्रा वजनाप्रमाणे सुधारली, तर घोटा सैल होईल आणि उभे राहणे थोडे सोपे वाटेल. त्याचे श्रेय सुईला मिळते. एक वडील माझ्यासमोर दोन अहवाल ठेवून म्हणाले, “मॅडम, सीपीके निम्म्यावर आलं, म्हणजे इंजेक्शन लागू पडलं ना?” सीपीके मुलाने आदल्या दोन-तीन दिवसांत किती धावपळ केली यावरही बदलते, आणि वयाबरोबर स्नायूच कमी होत गेला की तेही खाली येते. उपचाराचा गुण मोजायला ते उपयोगाचे नाही.

म्हणून केंद्राला होकार देण्याआधी किमान तीन महिने उत्तम प्रतीचा व्यायाम आणि ठरलेली औषधे चालू ठेवून नोंदी कराव्यात. स्टेरॉइड नुकतेच सुरू झाले असेल तर आणखी थांबावे, कारण सुरुवातीच्या काही महिन्यांत त्याचा स्वतःचाच परिणाम दिसतो. मूल सहा-सात वर्षांपेक्षा लहान असेल तर आजार असूनही वाढीबरोबर त्याची हालचाल काही काळ सुधारत जाते, हे आधीच समजून घ्यावे. त्या वयातली सुधारणा कोणत्याही उपचाराच्या नावावर सहज खपते.

नोंदी साध्या ठेवाव्यात. जमिनीवर पाठीवर झोपलेले मूल उठून सरळ उभे राहायला किती सेकंद घेते, दहा मीटर अंतर किती वेळात जाते, चार पायऱ्या किती वेळात चढते, या तीन वेळा महिन्यातून एकदा त्याच ठिकाणी आणि शक्यतो त्याच वेळी मोजाव्यात. मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूने लावून व्हिडिओ घ्यावा. मूल जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकवते का, टेकवत असेल तर एक की दोन्ही, हे त्यात दिसायला हवे. फिजिओथेरपिस्टकडून घोट्याचा आणि गुडघ्याचा कोन गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने) मोजून घ्यावा आणि दर सहा महिन्यांनी नॉर्थ स्टार ही चालत्या मुलाच्या हालचाली तपासणारी १७ कृतींची, ३४ गुणांची चाचणी तसेच सहा मिनिटे चालण्याची चाचणी करावी. सहा मिनिटांच्या चाचणीत १०-१५ मीटर जास्त चालले म्हणून पेढे वाटू नयेत. अर्थपूर्ण मानला जाणारा फरक साधारण तीस मीटरचा आहे. ज्या मुलाचे चालणे थांबले आहे त्याच्यासाठी हातांच्या कामाची पीयूएल ही श्रेणी आणि फुप्फुसाची एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेल्या हवेचे माप) जास्त महत्त्वाची.

घरचा व्यायाम : काय करावे, कसे करावे

ताण देण्याचा व्यायाम आठवड्यातून चार ते सहा दिवस हवा. घोटा, गुडघ्यामागचे स्नायू, खुब्याचा पुढचा भाग आणि मांडीची बाहेरची बाजू ही त्याची मुख्य ठिकाणे. पुढे मनगट आणि बोटेही. घोट्याचा ताण बहुतेक घरांत चुकीचा दिला जातो. बोटांकडचा भाग धरून पाऊल वर ढकलले की पावलाची मधली कमान वाकते, पाहणाऱ्याला घोटा वळल्यासारखा वाटतो आणि टाचेमागची शीर मात्र होती तशीच राहते. बरोबर पद्धत अशी आहे. मुलाला पाठीवर झोपवून गुडघा सरळ ठेवावा आणि एका हाताने गुडघ्याच्या वर हलका दाब द्यावा. दुसऱ्या हाताच्या तळव्यात टाच खालून धरावी, त्याच हाताचा मनगटापासून कोपराकडचा भाग मुलाच्या तळपायाला टेकवावा, टाच आपल्याकडे खेचावी आणि स्वतःचे अंग मुलाच्या डोक्याच्या दिशेने थोडे झुकवावे. टाच बोटांच्या आधी हलली पाहिजे. पोटरीत ओढ जाणवेल तिथे १५ ते ३० सेकंद थांबावे, सोडावे, आणि असे दहा-पंधरा वेळा करावे. मूल ओरडले तर ताण जास्त झाला आहे. झटके तर कधीच देऊ नयेत. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर हे बरेच सोपे जाते.

खुब्यासाठी रोज वीसेक मिनिटे पालथे झोपणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम आहे. अभ्यास, चित्रे, मोबाइल जे काय चालले असेल ते पालथे झोपून चालू द्यावे. आपल्या घरांत जेवायला, पूजेला, अभ्यासाला मांडी घालून बसण्याची सवय असते आणि या मुलांचे खुबे व गुडघे त्याच स्थितीत आखडत जातात. जमिनीवर बसू देऊ नये असे मी म्हणत नाही, पण पाय पुढे सरळ करून भिंतीला टेकून बसण्याची पाळी मधूनमधून यावी. रात्री घोट्याचे स्प्लिंट लावावेत. चालणाऱ्या मुलाला तेच स्प्लिंट दिवसा घालू नयेत, कारण चवड्यावर चालणे ही त्याने तोल सांभाळण्यासाठी शोधलेली युक्ती असते आणि पाऊल जखडले की तो जास्त पडतो.

ताकदीच्या व्यायामात हात आखडता घ्यावा. वजने उचलणे, उठाबशा, ट्रॅम्पोलिनवर उड्या, डोंगर किंवा जिना वारंवार उतरणे हे सगळे टाळावे, कारण स्नायू लांबत असताना त्याला जोर लावावा लागतो तेव्हा आवरणाला सर्वाधिक इजा होते. शाळेत शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावू नयेत, असे पत्र डॉक्टरांकडून घेऊन मुख्याध्यापकांना द्यावे. हा विषय तोंडी सांगण्यावर सोडू नये. पोहणे आणि हलके सायकलिंग चालते. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत थंड पाण्याच्या तलावात मात्र उतरवू नये, कारण स्नायू आखडतात आणि पोहण्याचा हेतूच हरपतो. दुसऱ्या दिवशीही स्नायू दुखत असतील तर व्यायाम जास्त झाला असे समजावे, आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर व्यायाम थांबवून भरपूर पाणी द्यावे व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

श्वासाचे व्यायाम चालणे थांबण्याच्या वाटेवर असताना शिकून ठेवावेत. अंबू बॅगेने (हाताने दाबून श्वास देणाऱ्या पिशवीने) एकावर एक श्वास भरण्याची पद्धत प्रशिक्षित व्यक्तीकडून घरातल्या दोघांनी शिकावी. खोकल्याचा जोर मिनिटाला २७० लिटरच्या खाली आला की सर्दीही जड जाते. हृदयाचा इको किंवा एमआरआय निदानापासून दरवर्षी व्हायला हवा.

एक आडवळणाची गोष्ट, पण इंदूरमध्ये टाळता येत नाही. स्टेरॉइडवर असलेल्या मुलाची भूक वाढते, आणि आपल्याकडे सकाळी पोहे-जिलबी व दिवसभर प्रत्येक पदार्थावर शेव असते. वाढलेले वजन त्याच थकलेल्या स्नायूंना उचलावे लागते आणि मिठाने सूज व रक्तदाब वाढतो. पोहे घरी, भाज्या घालून, शेवेशिवाय द्यावेत, जिलबी सणासुदीला. स्टेरॉइडने हाडेही ठिसूळ होतात, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी वर्षातून एकदा तपासावी.

केंद्राशी बोलताना

प्रथम सीटीआरआय क्रमांक मागावा. सीटीआरआय ही भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही असून क्रमांक टाकला की चाचणीचे नाव, कोणत्या आजारावर, कोणत्या रुग्णालयांत, कोणत्या वयोगटासाठी, हे सगळे इंटरनेटवर दिसते. २००९पासून चाचण्यांना ही नोंदणी अनिवार्य आहे. क्रमांक मिळाला तरी थांबू नये. मुलाचा प्रकार आणि वय त्यात बसते का, चाचणी अजून चालू आहे का, हे वाचून पाहावे, कारण गुडघेदुखीच्या चाचणीचा क्रमांक दाखवून डुशेनच्या पालकांना आश्वस्त करण्याचे प्रकार माझ्या पाहण्यात आहेत. चाचणी औषध महानियंत्रकांनी मंजूर केली आहे का, नीतिसमितीची परवानगी आहे का, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार कोण करणार, हे संमतिपत्रात लिहिलेले असायला हवे. २०१९च्या नव्या औषध आणि वैद्यकीय चाचणी नियमांत अशा इजेवरच्या मोफत उपचारांची आणि भरपाईची तरतूद आहे. पैसे मागितले जात असतील तर ती चाचणी नाही, मग पत्रकावर काहीही छापलेले असो.

आणखी एक प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. आज पेशी घेतल्या तर उद्या जनुकोपचाराच्या किंवा दुसऱ्या चाचणीत मुलाला घेतील का? अनेक चाचण्यांत आधी पेशी-उपचार घेतलेल्यांना प्रवेश नसतो. हा दरवाजा बंद करण्याआधी न्यूरोलॉजिस्टशी बोलावे. भारताच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात डुशेनचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्याखालच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसने रात्रीच्या एका प्रवासात पोचता येते, म्हणून दुसरे मत घ्यायला ते सोयीचे पडते.

प्रवास आणि प्रक्रियेचा दिवस

चाचणीत प्रवेश मिळाला असे धरून पुढचे. २०१६च्या दिव्यांग अधिकार कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे यूडीआयडी (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) कार्ड प्रवासाआधीच काढून घ्यावे. गाडीत रात्रीचे स्प्लिंट लावायचेच. ‘एक रात्र नाही लावले तर काय होते’ असे म्हणता म्हणता जाणे-येणे आणि मुक्काम धरून पंधरवडा निघून जातो. दिवसाच्या प्रवासात दर दोन तासांनी पाय सरळ करून ताण द्यावा.

अस्थिमज्जा काढताना किंवा पाठीच्या कण्यात इंजेक्शन देताना मुलांना बहुधा भूल दिली जाते, आणि या आजारात सर्वांत मोठा तातडीचा धोका तिथेच असतो. सक्सिनिलकोलिन हे औषध आणि श्वासावाटे दिली जाणारी काही भुलीची औषधे यांनी डुशेनच्या मुलाचे स्नायू एकाएकी विरघळू लागतात, पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडू शकते. भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी भेटून निदान सांगावे आणि ते केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्यावे. अलीकडचा इको आणि फुप्फुसाची तपासणी सोबत असावी. डेफ्लाझाकॉर्ट किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाला प्रक्रियेच्या वेळी स्टेरॉइडची जादा मात्रा लागू शकते. ती ठरवण्याचे काम डॉक्टरांचे, पण आठवण पालकांनी करावी. उपाशी ठेवण्याच्या गडबडीत रोजची गोळी राहून जाते. महिनोन्महिने घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद होणे जिवावर बेतू शकते, म्हणून उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन द्यायला सांगावे. दात्याच्या पेशी असतील आणि रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यायची असतील तर लसीकरणाचे कार्ड आधीच तपासून घ्यावे.

पेशींनंतरचे आठवडे

या मुलांना सक्तीची विश्रांती मानवत नाही. ज्या मुलाचे चालणे आधीच काठावर आले आहे, ते आठ-दहा दिवस पलंगावर राहिले तर पुन्हा उभे राहील याची खात्री नसते. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दुसऱ्या दिवशी घोट्याचे ताण सुरू करावेत आणि आधाराने उभे करावे. कमरेच्या हाडातून मज्जा काढली असेल तर पालथे झोपणे काही दिवस दुखेल. तोवर कुशीवर झोपवून खुबा मागे न्यावा. पाठीत इंजेक्शन दिले असेल आणि उठल्यावर डोके दुखत असेल तर भरपूर पाणी द्यावे आणि ते थांबेपर्यंत उभे राहण्याचा वेळ कमी ठेवावा. ताप, मान आखडणे, जखमेतून स्राव, श्वास लागणे, अंगावर पुरळ यांपैकी काहीही दिसले तर घरच्या फिजिओला फोन करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

‘पेशी आता जागवायच्या आहेत, व्यायाम दुप्पट करा’ असा सल्ला ऐकू येतो. जास्त जोराच्या व्यायामाने पेशी रुजतात याला डुशेनच्या मुलांमध्ये आधार नाही, आणि जास्त जोराने असलेला स्नायू दुखावतो हे मात्र पक्के माहीत आहे. आधीच्या तीन महिन्यांत जेवढा व्यायाम होता तेवढाच ठेवावा. त्याने स्नायू वाचतो आणि तुलनाही खरी राहते. व्यायाम बदलायचाच असेल, स्प्लिंट नवे घ्यायचे असेल किंवा स्टेरॉइडची मात्रा वाढत असेल, तर वहीत त्या तारखेसमोर तसे लिहावे.

मोजमाप पूर्वीच्याच माणसाने, त्याच जागी, एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी करावे. शक्य असेल तर व्हिडिओ अशा फिजिओथेरपिस्टला पाहायला द्यावेत ज्याला कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठाऊक नाही. आईवडिलांच्या आणि उपचार करणाऱ्यांच्या डोळ्यांना आशेचा चश्मा असतो आणि त्यात त्यांचा दोष नाही. पहिल्या महिन्यात मूल ताजेतवाने वाटले आणि तिसऱ्या महिन्यात आकडे जिथे होते तिथे आले, तर तो प्रवासानंतरचा उत्साह होता असे समजावे. सहा महिन्यांत उठायचा वेळ वाढत गेला असेल तर पेशींनी घसरण थांबवलेली नाही. आकडे स्थिर राहिले तर मुलाचे वय आणि स्टेरॉइडचा काळ लक्षात घेऊन त्यांचा अर्थ न्यूरोलॉजिस्टने लावावा. सात वर्षांच्या आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या स्थिर आकड्यांचा अर्थ एक नसतो.

दुसऱ्या मात्रेचा प्रश्न बहुधा याच सुमारास येतो. चाचणीत असाल तर ती केव्हा द्यायची हे आधीच लिहिलेले असते आणि त्यात तुम्हाला काही ठरवायचे नसते. चाचणीबाहेर, पैसे भरून, दुसरी आणि तिसरी मात्रा सुचवली गेली तर पहिल्या मात्रेच्या आधीचे आणि सहा महिन्यांनंतरचे नॉर्थ स्टारचे गुण त्यांच्याकडून लेखी मागावेत आणि आपल्या वहीशी ताडून पाहावेत. ते मिळाले नाहीत, किंवा त्यांच्याऐवजी सीपीकेचे आकडे आणि दुसऱ्या मुलांचे व्हिडिओ पुढे केले गेले, तर पुढची तारीख घेऊ नये. तेवढ्या रकमेत घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, वाढत्या पायांना दरवर्षी लागणारे नवे स्प्लिंट, खोकला काढायला मदत करणारे यंत्र आणि वेळ येईल तेव्हा मुलाच्या मापाची व्हीलचेअर यांची सोय कितपत होते, याचा हिशेब न्यूरोलॉजिस्टच्या पुढच्या भेटीआधी मांडून न्यावा.